रनिंग स्टार्ट: दोन वर्षांचा अनुभव आणि कॉलेजं त्याकडे कशी बघतात

वॉशिंग्टन राज्यात अकरावी-बारावीची मुलं हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजात जाऊन शिकू शकतात. या योजनेला रनिंग स्टार्ट म्हणतात. १९९० च्या कायद्याने ती सुरू झाली. माझ्या लेकीने दोन्ही वर्षं ती घेतली. आता ती एका खासगी कॉलेजात शिकतेय आणि तिच्या कुठल्या क्रेडिट्सचं, म्हणजे पदवीसाठी जमा होणाऱ्या कोर्सच्या एककांचं, काय झालं हे आम्हाला पक्कं कळलं आहे. इकडच्या मराठी आई-वडिलांचे अजूनही फोन येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: ‘कॉलेजं हे मानतात का हो?’ म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

माझं मत आधीच सांगते. मूल खरोखर शिकायला तयार असेल तर ही सेवा फार चांगली आहे, आणि ट्युशन फुकट असूनही शिकवण्याचा दर्जा आम्हाला अतिशय चांगला मिळाला. पण ‘९० क्रेडिट्स गोळा करायची आणि पुढची दोन वर्षं वाचवायची’ एवढ्याच हिशोबाने कुणी यात उतरत असेल, तर मूल अर्ज कुठे करणार आहे ते आधी ठरवा. राज्यातल्या सरकारी विद्यापीठात तो हिशोब बराचसा जुळतो. नामांकित खासगी कॉलेजांत बहुतेकदा जुळत नाही.

‘मानतात का’ या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. अ‍ॅडमिशन देताना या कोर्सला वजन मिळतं का, हा पहिला. आणि प्रवेश मिळाल्यावर त्याचं क्रेडिट पदवीत धरतात का, हा दुसरा. ही दोन कामं वेगवेगळी माणसं करतात. अ‍ॅडमिशन ऑफिसला एवढंच बघायचं असतं की या मुलीने आपल्या शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं अवघड निवडलं का, आणि ते पेललं का. क्रेडिटचा निर्णय नंतर रजिस्ट्रार आणि त्या त्या विषयाचा विभाग घेतात, स्वतःच्या नियमांनी. त्यामुळे जो कोर्स बघून प्रवेश दिला त्याचंच क्रेडिट नाकारलं, असं सर्रास होतं. त्यात कुणी कुणाला फसवत नसतं.

आमच्या घरी नेमकं हेच झालं. इंग्लिश १०१ चं क्रेडिट खासगी कॉलेजने दिलं नाही. लिनिअर अल्जिब्राचं दिलं. दोन्ही कोर्स त्याच कॉलेजात केलेले, दोन्हीत ए. असं का, ते पुढे सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आधी प्रत्यक्ष सेवेबद्दल.

ट्युशन लागत नाही. पुस्तकं, लॅबची फी, कॉलेजची सक्तीची फी आणि येणं-जाणं मात्र आपल्या खिशातून. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना फीमध्ये माफी मिळते, ती जरूर मागा. कोर्सच्या वेळापत्रकात कमी खर्चाच्या किंवा मोफत पुस्तकांचे वर्ग खुणेने दाखवलेले असतात, रजिस्ट्रेशन करताना ती खूण बघून निवडलं की बराच फरक पडतो. बसचा प्रश्न आमच्या भागात सुटलाच आहे: सप्टेंबर २०२२ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना सार्वजनिक बस फुकट आहे. लेक दोन वर्षं बसनेच गेली.

दर क्वार्टरला (कॉलेजच्या दहा-अकरा आठवड्यांच्या सत्राला) हायस्कूलच्या काउन्सेलरची सही असलेला एन्रोलमेंट व्हेरिफिकेशन फॉर्म लागतो. किती क्रेडिट्स हायस्कूलमध्ये आणि किती कॉलेजात, हे त्यावर ठरतं. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलात तर वरच्या क्रेडिट्सचे पैसे तुम्हाला भरावे लागतात.

तक्रार करायची तर ती अ‍ॅडव्हायझिंगबद्दल आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. नव्या रनिंग स्टार्ट मुलांचा रजिस्ट्रेशनचा नंबर मुळात सगळ्यात शेवटी लागतो. त्यात आमचा फॉर्म देऊन झाला होता, तरी खात्यावरचा होल्ड (रजिस्ट्रेशन अडवणारी खूण) कुणी काढेना. ईमेलला उत्तर नाही, फोनवर नुसतं संगीत. होल्ड निघाला तेव्हा हव्या त्या प्राध्यापकांचा वर्ग भरून गेला होता. लेक पहिल्या दिवशी सरळ त्या वर्गात जाऊन बसली, तास संपल्यावर बाईंना भेटली, आणि कुणीतरी कोर्स सोडल्यावर त्यांनी तिला घेतलं. शेवट चांगला झाला, पण सोळा वर्षांच्या लाजाळू मुलाला हे जमेलच असं नाही. ऑफिसने आपलं काम वेळेत करायला हवं होतं.

आणि इथे आई-वडिलांना ऑफिसच्या दारातच थांबावं लागतं. १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार मूल कॉलेजात शिकायला लागलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचे हक्क त्याच्याकडे जातात, वय कितीही असो. ग्रेड विचारायला तुम्ही फोन केलात तर मुलाच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज बहुधा काही सांगणार नाही. हायस्कूलच्या पोर्टलवर रोज रात्री मार्क बघायची सवय असलेल्या घरांना हे जड जातं. मला मात्र हे या योजनेतलं मोठं बलस्थान वाटतं. प्राध्यापकांना ईमेल कसा लिहायचा, ऑफिस अवर्समध्ये जाऊन ‘मला हे कळलं नाही’ असं कसं म्हणायचं, हे लेक तिथे शिकली. आज कॉलेजात तिच्या बरोबरची मुलं अजून त्यासाठी बिचकतात.

आता वर्गाबद्दल. इंग्लिश १०१ च्या त्या वर्गात लेक वयाने सगळ्यात लहान. तिच्या गटात गोदामात रात्रपाळी करून सरळ वर्गात येणारा एक माणूस होता आणि दोन मुलांची आई असलेली एक बाई होती, नर्सिंगला जायच्या तयारीत असलेली. पहिल्या निबंधाचे मसुदे एकमेकांनी वाचायचे होते. लेकीने हायस्कूलच्या पद्धतीने पाच परिच्छेद नीटनेटके लिहिले होते, आमच्या गावातल्या लायब्ररीच्या वेळांवर. त्या रात्रपाळीवाल्याने ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, ‘लायब्ररी रविवारी बंद असली तर तुझं काय अडतं? ते यात कुठेच नाही.’ लेक घरी येऊन म्हणाली, ‘आई, सगळं परत लिहायचंय.’ बाईंनीही समासात जवळजवळ तेच लिहून दिलं होतं: पुरावा आहे, मत दिसत नाही. दुसऱ्या मसुद्यात रविवारी घरात छोट्या भावाचा दंगा चाललेला असताना ती कुठे जाऊन अभ्यास करते ते आलं, आणि वेळा वाढवण्याचा खर्च कोण देणार हेही आलं. तिसऱ्या मसुद्यात अर्धी वाक्यं कापली गेली. बाईंनी प्रत्येक मसुदा तितक्याच बारकाईने वाचला. अशी लक्ष देऊन केलेली तपासणी तिला त्याआधी कधी मिळाली नव्हती.

याचं क्रेडिट गेलं, तरी मी तो कोर्स वाया गेला असं मुळीच म्हणणार नाही. अर्जाचे निबंध तिने याच शिस्तीने लिहिले. एका कॉलेजच्या माजी विद्यार्थिनीने घेतलेल्या मुलाखतीत निम्मा वेळ याच वर्गाबद्दल बोलणं झालं.

अ‍ॅडमिशनच्या बाजूने बघायचं तर या कोर्सेसना नक्की वजन आहे. अ‍ॅडमिशन ऑफिसांना हे काही नवं नाही. मिनेसोटाने १९८५ मध्येच राज्यभर अशी योजना आणली होती. २०२२-२३ या एका वर्षात देशभरात जवळजवळ २५ लाख हायस्कूल विद्यार्थ्यांनी निदान एक तरी ड्युअल एन्रोलमेंट, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा, कोर्स केला. त्यामुळे नुसता ‘कॉलेज कोर्स’ असा शिक्का बघून कुणी भारावत नाही. कोणता विषय आणि कशाच्या जागी, हे बघतात.

गणिताचं उदाहरण घ्या. लेकीचं एपी (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेज-पातळीचा कोर्स) कॅल्क्युलस बीसी दहावीतच झालं होतं. हायस्कूलमध्ये पुढे एपी स्टॅटिस्टिक्स सोडलं तर काही नव्हतं. मग कॉलेजात तिने मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा घेतलं. शाळेतलं गणित संपल्यावर पुढचं घेतलं, हे कुणालाही ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) बघून एका नजरेत कळतं. याउलट, शाळेत एपी केमिस्ट्री असताना ती टाळून कॉलेजातला पायाभूत, बिगर-विज्ञानवाल्यांसाठीचा केमिस्ट्रीचा कोर्स घेतला, तर तेही तितक्याच चटकन कळतं. काउन्सेलरच्या रिपोर्टमध्ये ‘या शाळेतल्या इतरांच्या तुलनेत या मुलाने किती अवघड कोर्स घेतले’ असा प्रश्न असतो. तिथे काउन्सेलर काय टिक करणार, हे अकरावीचे कोर्स ठरवतानाच जाऊन विचारा. आम्ही विचारलं होतं.

एपी आणि रनिंग स्टार्ट यात चांगलं कुठलं, असाही वाद आपल्याकडे फार चालतो. एपीची परीक्षा देशभर एकच, १ ते ५ गुण, त्यामुळे कुठल्याही कॉलेजला तुलना करणं सोपं जातं. कम्युनिटी कॉलेजचा ए म्हणजे नेमकं काय, हे दूरच्या राज्यातल्या कॉलेजला ठाऊक नसतं. म्हणून दूरच्या खासगी कॉलेजांसाठी शाळेतल्या एपी सोडून पूर्ण वेळ रनिंग स्टार्टला जाणं मला पटत नाही. आम्ही अर्धं-अर्धं केलं: एपी केमिस्ट्री, एपी इतिहास आणि ऑर्केस्ट्रा शाळेत, गणित आणि इंग्लिश कॉलेजात. पूर्ण वेळ जाणाऱ्या मुलांची आणखी एक अडचण होते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: शिफारसपत्रं. पुष्कळ खासगी कॉलेजांना दोन शिक्षकांची पत्रं लागतात. हायस्कूलच्या शिक्षकांनी मुलाला दहावीनंतर पाहिलेलंच नसतं, आणि कॉलेजच्या प्राध्यापकांनी जेमतेम दहा-अकरा आठवडे पाहिलेलं असतं.

या दहा-अकरा आठवड्यांचा आणखी एक अर्थ होतो. पाच क्रेडिट्सचा क्वार्टरचा एक कोर्स म्हणजे हायस्कूलचं पूर्ण एक क्रेडिट, म्हणजे वर्षभराचा विषय. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनही प्रवेशाच्या विषयवार अटींमध्ये तसंच धरते. वेळ वाचतो, खरंच. पण हायस्कूलमध्ये पहिल्या सहामाहीत घसरलेलं मूल दुसरीत सावरतं, तशी सोय इथे नाही. पहिल्या मिडटर्मला गडबड झाली की सावरायला चार-पाच आठवडेच उरतात, आणि जी ग्रेड येईल ती वर्षाच्या विषयाची म्हणून बसते. शिवाय फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपतं. नोव्हेंबरमधल्या मुदतीच्या अर्जांना बारावीतली ती ग्रेड मिळतच नाही. अर्जात दिसतात त्या अकरावीच्याच.

ती ग्रेड पुसताही येत नाही. एपीचा स्कोअर वाईट आला तर सहसा तो न पाठवण्याची मुभा असते. कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट कायमची असते आणि पुढच्या प्रत्येक कॉलेजला ती द्यावी लागते. आपल्या लोकांत डॉक्टर व्हायची इच्छा असलेली मुलं खूप, म्हणून हे ठळक सांगते: मेडिकल स्कूलच्या अर्जासाठीची जी सामाईक सेवा आहे, एएमसीएएस, ती हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेज कोर्सही जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) धरते. कोर्स पुन्हा केला तर दोन्ही वेळच्या ग्रेड धरते. सोळाव्या वर्षी बायॉलॉजीत आलेला सी बाविसाव्या वर्षी समोर येतो. ओळखीतल्या एका मुलाला तिसऱ्या आठवड्यात कळून चुकलं की हे झेपत नाही. त्याने मुदतीत कोर्स सोडला आणि ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद, आला. डब्ल्यू जीपीएमध्ये मोजला जात नाही. त्याच्या आई-वडिलांनी ‘थोडं रेट’ म्हणून आग्रह धरला नाही, हे फार चांगलं केलं.

आता क्रेडिटचं बघू. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांसाठी चित्र स्वच्छ आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये ज्या कोर्सच्या नावात अँडचं चिन्ह असतं, त्यांचे क्रमांक राज्यभर समान असतात. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनची समकक्ष कोर्सेसची यादी ऑनलाइन आहे. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स त्यांच्याकडे कशाच्या बरोबरीचा, ते ओळीने दिलेलं असतं. ९० क्रेडिट्सपर्यंत घेतात. रनिंग स्टार्टची मुलं कितीही क्रेडिट्स घेऊन आली तरी अर्ज फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे विद्यार्थी) म्हणूनच करतात. फक्त क्रेडिट्स मिळाली म्हणजे कॉम्प्युटर सायन्ससारख्या मागणीच्या मेजरची (मुख्य विषयाची) सीट मिळाली असं नाही. ती स्पर्धा वेगळी.

खासगी निवडक कॉलेजांचे नियम प्रत्येकाचे निराळे, पण दोन अटी पुन्हा पुन्हा भेटतात. एक, कोर्स कॉलेजच्या आवारात, कॉलेजच्या प्राध्यापकांनी, कॉलेजच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकवलेला हवा. दोन, तो हायस्कूलच्या डिप्लोमासाठी (शाळा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी) वापरलेला नसावा. पहिल्या अटीवर रनिंग स्टार्ट सहज उतरतं. ‘कॉलेज इन द हायस्कूल’ नावाची दुसरी योजना आहे, त्यात हायस्कूलचेच शिक्षक शाळेतच कॉलेजचा कोर्स शिकवतात. ती मात्र इथे अडकते. २०२३ पासून सरकारी कॉलेजांमार्फत तीही फुकट झाली आहे आणि राज्यात राहणाऱ्यांना उत्तमच आहे, पण दूरच्या खासगी कॉलेजला अर्ज करणाऱ्यांनी तिच्या क्रेडिटवर भिस्त ठेवू नये.

दुसऱ्या अटीवर रनिंग स्टार्टची गाडी थांबते. एकाच कोर्सची दोन्हीकडे क्रेडिट्स हीच तर या योजनेची रचना. इंग्लिशची चार वर्षं डिप्लोमाला सक्तीची. लेकीचा इंग्लिश १०१ त्यातल्याच एका वर्षाच्या जागी गेला. म्हणून नकार. गणिताची तीनच लागतात आणि ती तिची केव्हाच झाली होती. डिप्लोमाला लागणारी हायस्कूलची एकूण २४ क्रेडिट्सही लिनिअर अल्जिब्रा न धरता पूर्ण होत होती. काउन्सेलरने तसं पत्र दिलं: हा कोर्स डिप्लोमाच्या कोणत्याही अटीसाठी वापरलेला नाही. रजिस्ट्रारने ते मान्य केलं. तुमच्या मुलाच्या आवडीचा विषय असेल त्यात शाळेची गरज आधी शाळेतच भागवा आणि वरचं कॉलेजात घ्या.

बाकीच्या राज्यांतल्या मंडळींसाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियात यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर होणारा कम्युनिटी कॉलेजचा कोर्स तिथल्या मुलांच्या जीपीएमध्ये एपीसारखाच जादा गुण मिळवून देतो, आणि एका सेमिस्टरचा कोर्स एका वर्षाच्या विषयाइतका धरतात. टेक्सासमध्ये ४२ क्रेडिट-तासांचा कोअर (सगळ्यांना सामाईक) अभ्यासक्रम पूर्ण केला तर तो सरकारी विद्यापीठांत एकगठ्ठा जातो. अर्धवट राहिला तर एकेक कोर्स तपासला जातो. ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस ही अशीच योजना सातवीपासून खुली आहे. एवढ्या लवकर मुलाच्या नावावर कायमची ट्रान्सक्रिप्ट उघडायची का, याचा दहादा विचार करा.

एक काम मात्र कोर्स चालू असतानाच करायचं: सिलॅबस जपून ठेवायचा. लिनिअर अल्जिब्राचं क्रेडिट रजिस्ट्रारकडून पुढे सरकलं तरी गणित विभागाला आठवड्यागणिक विषय, पुस्तकाचं नाव आणि परीक्षांचं स्वरूप हवं होतं. तोवर कोर्सचं ऑनलाइन पान लेकीसाठी बंद झालं होतं. पहिल्याच आठवड्यात डाउनलोड केलेली सिलॅबसची पीडीएफ आणि फायनलआधीचे सरावाचे प्रश्न तिच्याकडे होते, ते तिने पाठवले. त्यात सिद्धता लिहायला लावणारे प्रश्न किती आहेत हे विभागाने पाहिलं, तिच्याशी थोडं बोलणं केलं, आणि ऑगस्टमध्ये तिला थेट पुढच्या वर्गात बसायची परवानगी दिली.